आहार हेच औषध : फेनिलकीटोन्युरियाग्रस्त बालकांचे संगोपन

दूध, डाळ, अंडी व शेंगदाणे बालकाच्या वाढीस आवश्यक आहेत, हे आपण गावोगावी सांगत आलो आहोत. परंतु फेनिलकीटोन्युरिया या दुर्मिळ व जन्मजात चयापचयविकाराने ग्रस्त बालकास हेच पौष्टिक अन्न अपायकारक ठरते.

विकाराचे स्वरूप

प्रथिनांत फेनिलअलनिन नावाचे ॲमिनो आम्ल असते. त्याचे रूपांतर करणारे यकृतातील विकर या बालकांत अपुरे असल्याने ते रक्तात साचते व वाढत्या मेंदूस इजा पोहोचविते. जन्मतः बालक निरोगी दिसते. बौद्धिक वाढ मंदावल्याचे ध्यानी येते, तोवर झालेली हानी सहसा भरून येत नाही. नॉर्वेचे डॉ. फेलिंग यांनी १९३४ मध्ये हा विकार ओळखला. पुढे जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत टाचेतील रक्ताच्या थेंबावरून निदान करणे शक्य झाले. त्याच वेळी आहार बदलल्यास बालकाची वाढ इतरांसारखी होऊ शकते.

घर व समाज

अशा बालकास फेनिलअलनिनविरहित विशेष दूधभुकटी, मोजून दिलेले मातेचे दूध आणि पुढे भाज्या, फळे व मोजका भात द्यावा लागतो. साबुदाण्याची खिचडी चालते, मात्र दाण्याचे कूट वगळून. आजीने मायेने दिलेला पेढाही पथ्य मोडतो. दोष मातेस देणे हा तर निव्वळ अन्याय होय. सदोष जनुक माता व पिता या दोघांकडून येते आणि अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. मामाच्या मुलीशी विवाहासारख्या नात्यातील संबंधांत असा धोका वाढतो.

शासकीय साहाय्य

विशेष भुकटी महाग असून वारंवार रक्ततपासणीही करावी लागते. मजुरी बुडवून शहर गाठणे अनेकांच्या आवाक्याबाहेरचे असते. केंद्र शासनाच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात या विकाराचा समावेश असून मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय हे त्यातील एक उत्कृष्टता केंद्र आहे. २०२२ मध्ये साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. वैयक्तिक वापरासाठी आयात होणाऱ्या अशा विशेष आहारास १ एप्रिल २०२३ पासून सीमाशुल्क माफ झाले.

तथापि, योजनेची माहिती वाडीवस्तीपर्यंत पोहोचविणे स्थानिक कार्यकर्त्यांच्याच हाती आहे. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यास शालेय पोषण आहाराचा आग्रह न करता घरचा डबा खाऊ द्यावा व पंगतीत इतरांसोबतच बसवावे. पंचायत सदस्यांनी कुटुंबास कागदपत्रे मिळवून देऊन प्रवासास हातभार लावावा. वेळीच मिळालेली एवढी साथ एका बालकाची बुद्धी वाचवू शकते.