यंत्राच्या पोटांतील यंत्र मुकें कां होतें?

डोळस माणसाच्या संगणकाचा आवाज गेला, तर त्याचें गाणें थांबतें. अंध माणसाच्या संगणकाचा आवाज गेला, तर त्याचें वाचन, लेखन आणि अभ्यास हें सारेंच थांबतें. कारण पडद्यावरील अक्षरें त्याला कानांनींच वाचावयाचीं असतात.

ठाण्याच्या नौपाड्यांतील एखाद्या घरीं परीक्षेची तयारी करणारा अंध विद्यार्थी आहे, अशी कल्पना करावी. त्याच्या संगणकावर लिनक्स आहे. लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ सालीं आरंभिलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते, आणि तिच्यावर ‘ऑर्का’ नांवाचा वाचक पडद्यावरील मजकूर बोलून दाखवितो. परंतु सरावाचा एक कार्यक्रम विंडोजवांचून चालत नाहीं. म्हणून लिनक्सच्या पोटांत एक आभासी संगणक मांडून त्यांत विंडोज बसविलें, आणि तेथें वाचनासाठीं ‘एनव्हीडीए’ ठेविला. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानें २००६ सालीं सुरू केलेला हा वाचकहि विनामूल्य असून मराठी मजकूरहि वाचतो. एके दिवशीं बाहेर ऑर्का बोलतो आहे, पण आंतील विंडोज मात्र मुकें! अशा वेळीं काय करावें?

दिसेल ती कळ फिरविणें हा उपाय नव्हे. आवाज कोणत्या मार्गानें येतो, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. विंडोजमधील वाचक आपला आवाज तेथील ध्वनिकार्डाकडे देतो. हें कार्ड खरें नसून निव्वळ सोंग आहे. तें क्यूईएमयूसारखा कार्यक्रम वठवितो. तो कार्यक्रम आवाज लिनक्सच्या ध्वनिसेवकाकडे सोंपवितो. पूर्वीं हें काम बहुधा पल्सऑडिओ करी; आतां अनेक ठिकाणीं पाइपवायर करतो. शेवटीं आल्सा खरें कार्ड वाजवितें. विहिरीवरून माणसांनीं हातोहात घागरी पुढें द्याव्या, तसाच हा प्रकार आहे. घागर कोणत्या हातांतून निसटली, एवढेंच शोधावयाचें असतें.

येथें ऑर्काचें बोलणें फार उपयोगाचें ठरतें. तो बोलतो, त्याअर्थीं ध्वनिसेवक, आल्सा आणि खरें कार्ड यांचें काम चालूं आहे. अर्धा मार्ग निर्दोष ठरला. आतां उरलेली तपासणीहि ऑर्काच्याच साह्यानें बाहेरून करतां येते.

प्रथम लिनक्सच्या आवाज-नियंत्रकांत आभासी यंत्राची पट्टी बंद तर नाहीं ना, हें पाहावें. पट्टीच नसेल, तर कार्डाचा नमुना तपासावा. जुना ‘एसी ९७’ नमुना दिलेला असल्यास आजच्या विंडोजपाशीं त्याचा चालक तयार नसतो. यंत्र बंद करून ‘आयसीएच ९’ निवडावा. तिसरें कारण खिडकीचें. ‘स्पाइस’ पद्धतींत आवाज चित्राबरोबर त्याच खिडकीवाटे येतो. खिडकी मिटली कीं आवाजहि मिटतो. तो थेट पाइपवायरकडे पाठवावयाचा, तर आभासी यंत्र विद्यार्थ्याच्याच नांवानें चाललें पाहिजे. तें व्यवस्थेच्या निराळ्या नांवानें चालत असल्यास विद्यार्थ्याच्या सत्रांतील ध्वनिसेवक त्या परक्याला दाद देत नाहीं.

कधीं आवाज येतो, पण तुटक आणि खरखरीत. ध्वनीचे नमुने सेकंदाला ४८,००० या वेगानें जात असतात. सांठवणींत १,०२४ नमुने ठेविले, तर ते सुमारें २१ सहस्रांश सेकंद पुरतात. तेवढ्या अवधींत पुढील सांठा पोंचला नाहीं, कीं खंड पडतो. म्हणून सारे प्रक्रियक आंतील यंत्राला देऊन बाहेरील यंत्र उपाशी ठेवूं नये. सांठवण ४,०९६ केल्यास ८५ सहस्रांश सेकंदांची सवड मिळते. परंतु दाबलेलें अक्षर तितकेंच उशिरा ऐकूं येतें. गाणें ऐकणारास त्याचें कांहींच वाटणार नाहीं. अक्षर ऐकून पुढचें अक्षर टंकणाऱ्या अंधाचा हात मात्र अडखळतो. यास्तव खरखर थांबेल इतकीच सांठवण वाढवावी, अधिक नव्हे.

परीक्षा तोंडावर आली असेल, तर यूएसबीचा साधा हेडफोन थेट आभासी यंत्राच्या ताब्यांत देऊन पाहावा. बहुतेक मधले हात त्यानें टळतात. एरव्हीं एका वेळीं एकच बदल करावा, त्याचा परिणाम ऐकावा, आणि यश आलें कीं ती मांडणी लिहून ठेवावी. पुढल्या खेपेस तेवढें टिपण पुरेसें होतें.