‘फॉलो अप’ नीट वापरा, अडकलेलं बिल मोकळं करा



इंग्रजीचा सहा महिन्यांचा क्लास लावायला आपल्यापैकी कोणाकडेच वेळ नाही. सकाळी शटर उघडायचं, माल लावायचा, गिऱ्हाईक बघायचं, रात्री हिशोब. पण कंपनीच्या परचेस डिपार्टमेंटला, हॉटेलच्या मॅनेजरला, बँकेतल्या साहेबांना मेसेज टाकायची वेळ आली की इंग्रजी लागतंच. म्हणून आज एकच क्रियापद घेऊ. धंद्यात रोज लागणारं, आणि रोज चुकीचं वापरलं जाणारं. फॉलो अप.

आधी गंमत ऐका. आमच्या बॅचमधल्या एक ताई पापड-लोणच्यांचा व्यवसाय करतात. हॉटेलच्या मॅनेजरला त्यांनी मेसेज केला होता, “सर, आय विल फॉलो यू टुमारो.” त्यांना म्हणायचं होतं, उद्या परत विचारते. इंग्रजीत अर्थ झाला, उद्या मी तुमच्या मागे मागे येईन! फार तर इन्स्टाग्रामवर फॉलो करेन. ‘अप’ हा एवढासा शब्द गेला आणि सगळं वाक्यच बदललं.

असं मराठीतही होतंच की. ‘मारणे’ वेगळं आणि ‘वेळ मारून नेणे’ वेगळं. ‘धरणे’ वेगळं, ‘लावून धरणे’ वेगळं. इंग्रजी क्रियापदाला अप, आउट, ऑफ असली शेपटं लागतात तेव्हा तोच प्रकार असतो. शेपटासकट पाठ करायचं, सुटं सुटं भाषांतर करत बसायचं नाही.

फॉलो अपला आपल्याकडे नेमका शब्द आहे, पाठपुरावा. एकदा सुरू केलेलं काम पुढे नेत राहणं. डॉक्टर म्हणतात ना, “पंधरा दिवसांनी फॉलो अपला या”, तेच. तगादा हा शब्द इथे बसत नाही. तगाद्यात समोरच्याच्या मानेवर बसल्याचा वास येतो.

आता वाक्यात कसं बसवायचं? दोन छोटे शब्द लक्षात ठेवा. माणूस असेल तर ‘विथ’, विषय असेल तर ‘ऑन’. “आय विल फॉलो अप विथ द अकाउंट्स डिपार्टमेंट ऑन धिस बिल.” म्हणजे या बिलाबद्दल मी अकाउंट्सकडे पाठपुरावा करेन. झालं, एवढंच व्याकरण. भूतकाळात बदल फक्त ‘फॉलो’मध्ये होतो, अप आहे तसाच राहतो: “आय फॉलोड अप लास्ट वीक.” लिहिताना क्रियापद असेल तर दोन शब्द सुटे लिहायचे. “धिस इज माय सेकंड फॉलो-अप” असं नाम म्हणून आलं तर मध्ये छोटी रेघ द्यायची.

एक सवय मात्र मोडायला हवी. मराठीत आपण “फॉलोअप घेतो” म्हणतो, म्हणून इंग्रजीत “आय विल टेक फॉलो अप” लिहितो. भारतात ते चालून जातं, सगळ्यांना कळतं. पण तुम्हाला दुबईच्या किंवा लंडनच्या गिऱ्हाइकाला माल पाठवायचा असेल तर सरळ “आय विल फॉलो अप” लिहा. टेक नको.

आता खरा मुद्दा, पैसा. कोटेशन पाठवलं आणि समोरून उत्तर नाही. आपण काय करतो? लाजतो. दोन आठवडे गप्प बसतो आणि मग लिहितो, “जेंटल रिमाइंडर, सर”. मला हे रिमाइंडर प्रकरण फारसं आवडत नाही. रिमाइंड म्हणजे तुम्ही विसरलात असं सुचवणं. फॉलो अपमध्ये ‘मी माझं काम पुढे नेतोय’ एवढंच असतं. कोणाला टोचत नाही आणि आपणही हात पसरल्यासारखं वाटत नाही. हे बघा:

“सर, आय ॲम फॉलोइंग अप ऑन द कोटेशन आय सेंट ऑन मंडे. शुड आय बुक फिफ्टी बॉक्सेस फॉर यू?”

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. नुसतं ‘फॉलोइंग अप’ लिहून सोडलं तर समोरचा अंगठा दाखवून मोकळा होतो. हो किंवा नाही असं उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न हवा. बँकेतही तसंच: “आय ॲम हिअर टू फॉलो अप ऑन माय लोन ॲप्लिकेशन. विच डॉक्युमेंट इज पेंडिंग?”

बिलाच्या मेसेजमध्ये तर आकडे हवेतच. बिल नंबर, तारीख, रक्कम, कधी द्यायचं होतं ते:

“आय ॲम फॉलोइंग अप ऑन बिल नंबर ४७, डेटेड फिफ्थ जून, फॉर रुपीज १८,४००. इट वॉज ड्यू ऑन ट्वेंटिएथ जून. कुड यू प्लीज कन्फर्म द पेमेंट डेट?”

यात रडगाणं नाही, घरची अडचण नाही, “काइंडली डू द नीडफुल” नाही. फोनवर बोलणं झालं तरी पाठोपाठ लिहून टाका: “टू फॉलो अप ऑन अवर कॉल, यू सेड द पेमेंट विल कम बाय फ्रायडे.” तोंडी शब्द हवेत विरतो, लिहिलेला राहतो. आणि पुढे प्रकरण वाढलंच तर हेच मेसेज तुमचा कागद असतात.

कारण कायदा तुमच्या बाजूने आहे, फक्त तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा २००६ चा. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेतली आणि लेखी करार नसेल, तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. म्हणून उद्यम नोंदणी वेळेत करून घ्या आणि डिलिव्हरी चलनावर सही-तारीख घ्या, दिवस तिथून मोजायचे असतात. एक गोष्ट स्पष्ट सांगतो: ही सोय उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. माझ्यासारख्या नुसत्या खरेदी-विक्रीच्या दुकानदाराला उद्यम नोंदणी मिळते, पण उशिराच्या पेमेंटचा हा फायदा मिळत नाही.

शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही एक तरतूद लागू झाली. ठरलेल्या मुदतीत पैसे दिले नाहीत, तर घेणाऱ्याला ते बिल त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतं. त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचा सीएच त्यांच्या मागे लागतो. तुमचा फॉलो अप फेब्रुवारीत गेलेला बरा.

हा कायदा पहिल्याच मेसेजमध्ये काढू नका हं. नातं टिकवायचंय. पहिला साधा, दुसरा तारीख मागणारा, तिसरा थेट मालकाला. तरीही हललं नाही तर ऑनलाइन तक्रार करता येते, आणि तिथे बिलं, चलन जोडावी लागतात.

आता उलटी बाजू. तुमचं गिऱ्हाईक लिहितं, “हाय, जस्ट फॉलोइंग अप ऑन माय ऑर्डर.” चिडू नका, “येस येस, इन प्रोसेस” असलं गोलमालही नको. लिहा: “थँक यू फॉर फॉलोइंग अप. युवर ऑर्डर विल बी रेडी बाय फाइव्ह पीएम टुडे.” आणि पाचला होणार नसेल, तर चारलाच नवी वेळ कळवा.