🌳 *चेन सॉ घेताय? सीसी एकटं बघू नका, वजनही बघा*



अवकाळी वाऱ्यात धुऱ्यावरची झाडं पडली की आपल्या ग्रुपवर एकच प्रश्न येतो, "सर, लाकूड कापायची मशीन कोणती घ्यावी?" आज त्यावर सविस्तर लिहितोय. मेसेज मोठा आहे, पण मशीन घ्यायच्या आधी एकदा पूर्ण वाचा.

आधी घरची गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या बांधावरचा कडुनिंब आडवा झाला. चुलत्यांनी २२ इंच बारची मोठी मशीन भाड्यानं आणली. खोड झटक्यात कापलं. मग तीच जड मशीन छातीच्या उंचीवर धरून फांद्या छाटायला लागले. अर्ध्या तासात हात भरून आले, बारचं टोक दुसऱ्या फांदीला लागलं आणि मशीन उसळून अंगावर आली. चेन ब्रेक लागला म्हणून वाचले, तरी खांद्याला सात टाके पडले. मशीनमध्ये काही खोट नव्हती. त्या कामाला ती जड होती, एवढंच.

*१) ताकद कशी वाचायची?*
सीसी म्हणजे इंजिनचं आकारमान. खरी ताकद किलोवॅट किंवा एचपीमध्ये लिहिलेली असते. १ किलोवॅट म्हणजे सुमारे १.३५ एचपी. सारख्याच सीसीच्या दोन मशीनची ताकद वेगळी असू शकते, म्हणून दुकानात किलोवॅटचा आकडा विचारा.

*२) वजन कसं वाचायचं?*
माहितीपत्रकात बहुतेक वेळा नुसत्या मशीनचं वजन असतं. त्यात बार, चेन, पेट्रोल, ऑईल धरलेलं नसतं. ४.६ किलोची मशीन १६ इंच बार लावून, टाकी भरून हातात घेतली की ६ किलोच्या आसपास जाते. दुकानात बार-चेन लावलेली मशीन उचलून बघा आणि दोन मिनिटं कामाच्या उंचीवर धरा. हात थरथरायला लागला तर ती मशीन आपली नाही.

*३) आता दोन्हींची तुलना*
आकड्यांसाठी एकाच कंपनीची (स्टिल) तीन मॉडेल घेतली आहेत. जाहिरात नाही, कोणत्याही कंपनीला हाच हिशोब लावा. वजन बार-चेन सोडून आहे.

▪️ एमएस १८०: ३१.८ सीसी, साधारण दीड किलोवॅट, सुमारे ४ किलो
▪️ एमएस २५०: ४५.४ सीसी, २.३ किलोवॅट, ४.६ किलो
▪️ एमएस ३८२: ७२.२ सीसी, ३.९ किलोवॅट, ६.२ किलो

एका किलोवॅटमागे किती वजन उचलावं लागतं ते काढा. पहिलीत पावणेतीन किलोच्या जवळ, दुसरीत २ किलो, तिसरीत १.६ किलो. म्हणजे कागदावर मोठी मशीन फायद्याची दिसते. पण हाताला हिशोब कळत नाही, हाताला पूर्ण वजन लागतं. खोड जमिनीवर असतं, तिथं मशीनचा भार लाकूड घेतं. फांदी कापताना सगळा भार आपल्या हातावर आणि कमरेवर येतो.

*४) मग आपल्याला कोणती?*
✅ फांद्या छाटणी, शेवगा, सुबाभूळ, जळणाचं बारीक लाकूड: ३० ते ३५ सीसी, १२ ते १४ इंच बार.
✅ धुऱ्यावरची बाभूळ, कडुनिंब, कधी फांद्या कधी खोड: ४५ सीसीच्या आसपास, १६ इंच बार. बहुतेक सभासदांना हीच पुरते.
✅ चिंच, जुना आंबा, जाड वाळलेलं खोड: ६० ते ७० सीसी. वर्षातून एकदा लागणार असेल तर विकत घेऊ नका, भाड्यानं आणा.

लांब बार म्हणजे जास्त काम, हा गैरसमज आहे. लहान इंजिनला लांब बार लावला की चेन अडकते, मशीन तापते. वाळलेल्या बाभळीत तर हमखास. १६ इंच बारनं दोन्ही बाजूंनी कापत दोन फुटी खोडही निघतं.

*५) ताकद वाया कुठं जाते?*
मशीन ओढत नाही म्हणून मोठी घ्यायच्या आधी चेनचे दात बघा. लाकडाचे तुकडे उडत असतील तर धार चांगली. पिठासारखा भुसा पडत असेल तर धार गेली, कानस मारा. पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल मशीनच्या पुस्तिकेत दिलंय तेवढंच टाका. १:५० म्हणजे १ लिटरला २० मिली, १:२५ म्हणजे ४० मिली. चेनच्या ऑईलची टाकी वेगळी असते, ती रिकामी ठेवून चालवू नका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. म्हणून महिनाभर काम नसेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

*६) हे विसरू नका* ⚠️
▪️ बारच्या टोकाच्या वरच्या भागानं कापू नका. मशीन तिथूनच उसळते.
▪️ खांद्याच्या वर मशीन नेऊ नका. शिडीवर किंवा झाडावर चढून चालवू नका.
▪️ दोन्ही हातांनी धरा. बूट, चष्मा, जाड पँट घाला. धोतर, उपरणं, ओढणी नको.
▪️ दर २० मिनिटांनी थांबा. अपघात थकल्या हातानं होतात.
▪️ विजेच्या तारेवर पडलेल्या झाडाला हात लावू नका, आधी महावितरणला कळवा.
▪️ साग, आंबा, चिंच, मोह ही झाडं स्वतःच्या शेतात असली तरी १९६४ च्या कायद्यानुसार तोडायला परवानगी लागते. बाकी झाडांचंही वन विभागात आधी विचारून घ्या.

मशीन बघायला जाणार असाल तर कोणती झाडं आहेत, खोड किती जाड आहे आणि वर्षातून किती दिवस काम आहे, एवढं ग्रुपवर टाका. टाइप करायला जमत नसेल तर व्हॉइस मेसेज करा. पैसे द्यायच्या आधी विचारा, नंतर नको.

आपला,
कृषी सल्लागार, मुदखेड 🌾