रडर की स्केग? आधी वाऱ्याला विचारा!

तारकर्लीचे, गोव्याचे कयाकिंगचे रील्स बघून तुमच्याही डोक्यात किडा वळवळतोय? तासाभराच्या राइडवर आता भागत नाही, स्वतःची सी कयाक हवी असं वाटतंय? मग रंग निवडण्याआधी थोडं थांबा. बीचवर भाड्याने मिळते ती वर बसायची, रुंद, बुटकी कयाक वेगळी आणि सी कयाक वेगळी. ही साधारण १४ ते १८ फूट लांब आणि अरुंद असते, आणि तुम्ही तिच्या आत बसता. लांबीमुळे ती सरळ पळते. पण वारा आडवा आला की तिचे नखरे सुरू होतात.

वारा नाक फिरवतो

कयाक पुढे जात असताना तिचं पुढचं टोक पाण्याने धरून ठेवल्यासारखं असतं, मागचं मात्र सैल. आडवा वारा या सैल टोकाला ढकलतो आणि कयाकचं नाक वाऱ्याच्या दिशेने वळतं.

आता शाळेतला भूगोल आठवा. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येतात ते खारे वारे. कोकणात ते दुपारी जोर धरतात. समजा, दुपारी तुम्ही मालवणहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला, तारकर्लीकडे निघालात. वारा उजवीकडून, म्हणजे समुद्राकडून. मग नाक कुठे वळणार? खुल्या समुद्राकडेच! ते सरळ ठेवायचं तर सारखं उजव्या बाजूला जोर लावून वल्हवावं लागतं. खांदा भरून येतो, आणि थकलेला माणूस पाण्यात चुका करतो. रडर आणि स्केग मुख्यतः यासाठीच असतात: वळण्यापेक्षा सरळ जाण्यासाठी.

दोघांत फरक काय?

स्केग म्हणजे मागच्या बाजूला, तळातून खाली येणारं पातं. ते डावीउजवीकडे फिरत नाही, फक्त वरखाली होतं. पूर्ण वर असेल तर नाक वाऱ्याकडे वळतं, पूर्ण खाली केलं तर वाऱ्यापासून दूर जातं. मधे कुठेतरी कयाक सरळ चालते; ती जागा सीटजवळच्या स्लायडरने शोधायची. गोची एवढीच की स्केगची पेटी सामानाची जागा खाते, आणि किनाऱ्यावरचे खडे अडकले की पातं बाहेर येत नाही. म्हणून अनेक जण पात्याला छोटी दोरी बांधतात. अडकलंच तर सोबतचा कयाकर ते ओढून काढतो.

रडर म्हणजे आपलं सुकाणू. ते मागच्या टोकाला असतं आणि पायातल्या पेडल्सनी फिरतं. सामान भरून लांब जायचं असेल तर त्याची मोठी मदत होते. पण लाटेवर मागचं टोक उचललं गेलं की रडर हवेत! शिवाय केबल तुटू शकते. पेडल बघताना पाय टेकायची जागा पक्की आहे ना, ते तपासा. वल्हवण्याचा जोर पायातूनही येतो. अख्खं पेडलच सरकत असेल तर तो वाया जातो. बोटांनी दाबायचं पेडल आणि टाचेकडे पक्का आधार, हे उत्तम. लाटांतून किनाऱ्याला लागताना मात्र दोन्ही वर घ्या.

आधी हे बघा

पैसे मोजकेच असतील तर आधी जीव वाचवणाऱ्या फिटिंग्ज. पुढे आणि मागे पाणी न शिरणारे बंद कप्पे हवेत, नाहीतर उलटलेली कयाक पाण्याने भरते. डेकच्या कडेने घट्ट दोरी हवी, पाण्यात पडल्यावर पकडायला. दोन्ही टोकांना हँडल हवं. कमरेभोवतीच्या स्प्रे स्कर्टचा पुढचा ओढायचा पट्टा कायम बाहेर हवा. आत राहिला तर उलटल्यावर सुटका अवघड. हातपंप सोबत हवा आणि लाइफ जॅकेट अंगात हवं, डेकवर बांधलेलं नाही.

आणि ट्रायल सकाळच्या शांत पाण्यात उरकू नका. प्रशिक्षकासोबत, किनाऱ्याजवळ, थोडा वारा असताना घ्या. आधी रडर किंवा स्केग वर ठेवूनच वल्हवा. नुसत्या वल्ह्याने कयाक सरळ जात नसेल, तर पहिला खर्च शिकण्यावर करा. केबल तुटेल त्या दिवशी हातात वल्हंच असणार आहे.