मोटारसायकलची बॅटरी व चार्जर : जोडण्याची योग्य रीत

ज्या घरीं पूर्वीं दावणीस बैलजोडी असे, त्या घराच्या पडवींत आज मोटारसायकल उभी असते. सोलापूर जिल्ह्यांत वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्यास तिच्यावांचून एक दिवसहि काढणें कठीण झालें आहे. पहांटेचें दूध संकलन केंद्रावर पोंचविणें, रात्रपाळीची वीज आली म्हणजे पंप चालूं करण्यास विहिरीवर जाणें, आजारी माणसास बार्शीस किंवा पंढरपुरास दवाखान्यांत नेणें, हीं सर्व कामें तिच्याच भरंवशावर चालतात. असें वाहन ऐन वेळीं बटण दाबूनहि मुकें राहिलें, म्हणजे किती खोळंबा होतो याचा अनुभव पुष्कळ वाचकांस असेल. दोष बहुधा इंजिनाचा नसतो, बॅटरीचा असतो. आणि बॅटरीचा दोषहि पुष्कळदां ती चुकीच्या रीतीनें चार्ज केल्यामुळें उत्पन्न झालेला असतो. म्हणून चार्जर कसा निवडावा व कसा जोडावा, एवढ्याच विषयाचा विचार आम्हीं या लेखांत योजिला आहे.

जुन्या गाड्यांस ही अडचण फारशी जाणवत नसे. १९७२ मध्यें बाजारांत आलेली लुना पायडल मारून सुरू होई. त्यानंतर खेडोपाडीं दिसूं लागलेल्या मोटारसायकलींत बॅटरी असली, तरी ती निकामी झाल्यावर चार किका अधिक माराव्या लागत, इतकेंच. आतां तसें राहिलें नाहीं. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन चालू असेपर्यंत सतत जळत ठेवण्याची सक्ती झाली. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयींचें भारत स्टेज ६ हें मानक लागू झालें, आणि तें पाळण्यासाठीं बहुतेक कारखानदारांनीं कार्ब्युरेटर काढून त्याच्या जागीं इंधन-इंजेक्शनची योजना केली. या योजनेंत टांकींतील पेट्रोल ढकलणारा पंप विजेवर चालतो, आणि किती पेट्रोल केव्हां सोडावें हें एक लहानसा संगणक ठरवितो. दोहोंसहि बॅटरीच्या योग्य दाबाची गरज असते. शिवाय पुष्कळ नव्या गाड्यांस किक मुळींच नसते. तेव्हां पूर्वीं जी बॅटरी केवळ सोयीची वस्तु होती, ती आतां गाडीचा प्राण होऊन बसली आहे.

बॅटरी उतरते कां ? याचीं मुख्य कारणें तीन आहेत. पहिलें, गाडी उभी राहणें. किल्ली बंद असतांहि घड्याळ, संगणक व चोरीची सूचना देणारें यंत्र हीं थोडीथोडी वीज खात असतात. हा खर्च अवघा ५ मिलिअँपिअर धरला, तरी एका दिवसास ०.१२ व एका महिन्यास ३.६ अँपिअर-तास होतात. आणि लहान गाडीची सारी बॅटरी ३ ते ४ अँपिअर-तासांची असते. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास गेला व गाडी दिवाळीपर्यंत छपराखालीं राहिली, तर पुढें काय होईल हें निराळें सांगावयास नको. दुसरें कारण आंखूड फेऱ्या. वस्तीपासून गांवापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरांत, दिवा सतत जळत असतां, बटणानें खर्च केलेली वीज पुरती भरून निघत नाहीं. रोज थोडी उणीव राहते व ती सांचत जाते. तिसरें कारण आपल्या मुलखाचें ऊन. सांठवलेली वीज आपोआप झिजण्याचा वेग दर १० अंश उष्णतेमागें सुमारें दुप्पट होतो. सोलापूरच्या वैशाखांत पारा ४२ अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत तापलेल्या पत्र्याखालीं उभ्या असलेल्या बॅटरीची स्थिति कशी होत असेल, याची कल्पना करावी.

या बाबतींत आमच्या स्वतःच्या हातून झालेली चूक सांगितल्यास वाचकांस ती उपयोगी पडेल. एका उन्हाळ्यांत आमची गाडी जवळजवळ दोन महिने पत्र्याच्या शेडमध्यें उभी होती. एके रात्रीं गाय अडली. पशुवैद्यांस फोन केला. ते यावयास तयार होते, परंतु त्यांस घेऊन येण्यासाठीं आमची गाडी कांहीं सुरू होईना. शेजारच्या वस्तीवरून दुसरी गाडी मिळेपर्यंत तास-दीड तास मोडला. गाय वांचली, वांसरूं दगावलें. दुसऱ्या दिवशीं त्या रागांतच आम्हीं ट्रॅक्टरच्या बॅटरीसाठीं वापरण्यांत येणारा मोठा चार्जर आणून तिला लावला. दुपारपर्यंत तिच्या बाजू फुगल्या व अंगास हात लाववेना. पहिली चूक दुर्लक्षाची व दुसरी घाईची. बॅटरी जी कायमची गेली, ती दुसऱ्या चुकीनें गेली.

ही दुसरी चूक कां घडते, तें पाहूं. ट्रॅक्टरची बॅटरी व मोटारसायकलची बॅटरी या दोन्ही १२ व्होल्टच्याच असतात, म्हणून एकीचा चार्जर दुसरीस चालेल असें वाटतें. पण ट्रॅक्टरची बॅटरी ७५ ते १०० अँपिअर-तासांची, तर मोटारसायकलची ३ ते ९ अँपिअर-तासांची. मोठा चार्जर १० अँपिअरचा प्रवाह सोडतो. तो ट्रॅक्टरच्या बॅटरीस मानवतो. ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीस तो तिच्या शक्तीच्या अडीचपट होतो. तान्ह्या वांसरास बैलाचा आंबोण घालण्यासारखाच हा प्रकार आहे. साधा नियम असा कीं, बॅटरीवर जितके अँपिअर-तास लिहिलेले असतील त्याचा दहावा भाग, एवढाच प्रवाह द्यावा. ४ च्या बॅटरीस ०.४ अँपिअर व ८ च्या बॅटरीस ०.८ अँपिअर, हें तिचें योग्य मान होय. अशा संथ गतीनें अर्धी उतरलेली बॅटरी भरण्यास सहा-सात तास लागतात. रात्रीं लावून सकाळीं काढली कीं काम झालें.

चार्जरची निवड :— मोटारसायकलसाठीं म्हणून मिळणारा, अर्धा ते एक अँपिअरचा, बॅटरी भरतांच आपोआप प्रवाह कमी करणारा चार्जर घ्यावा. हल्लींच्या बहुतेक गाड्यांत शिसें व आम्ल यांचीच, परंतु पाणी घालावें न लागणारी, बंद तोंडाची बॅटरी असते. तिच्यासाठीं चार्जरचा दाब १४.४ व्होल्टच्या आसपास येऊन, भरल्यावर १३.५ ते १३.८ वर उतरला पाहिजे. दाब सतत चढता ठेवणारा साधा चार्जर अशा बॅटरीचें आंतील पाणी उडवितो, आणि तें पुन्हां घालतां येत नाहीं. कांहीं महाग गाड्यांत लिथियमची बॅटरी असते. तिला लिथियमसाठींच केलेला चार्जर लागतो. विजेवर धांवणाऱ्या गाडीची मुख्य बॅटरी ही निराळीच वस्तु असून, तिला तिच्या कारखान्याचाच चार्जर लावावा.

जोडण्याचा क्रम :— बॅटरी बहुधा सीटखालीं किंवा बाजूच्या झांकणामागें असते. प्रथम गाडीची किल्ली बंद करून काढून घ्यावी. चार्जरची पिन भिंतींतील प्लगमध्यें अद्याप घालूं नये. बॅटरीवरील अधिक (+) व उणें (−) हीं चिन्हें उजेडांत नीट पाहावींत. केवळ तारेच्या रंगावर विश्वासूं नये, कारण दुरुस्तींत तारा बदललेल्या असूं शकतात. टोंकांवर पांढरी बुरशी आली असल्यास ती कोरड्या ब्रशानें काढावी. नंतर तांबडा चिमटा अधिक टोंकास लावावा. त्यानंतर काळा चिमटा उण्या टोंकास, अथवा गाडीच्या सांगाड्याच्या रंग नसलेल्या स्वच्छ धातूस लावावा. पेट्रोलच्या नळीजवळ तो लावूं नये. दोन्ही चिमटे पक्के बसले व परस्परांस लागत नाहींत अशी खात्री झाल्यावरच भिंतीवरील बटण दाबावें. काढतांना क्रम उलटा : आधीं भिंतीवरील बटण बंद, मग काळा चिमटा, शेवटीं तांबडा.

हा क्रम केवळ रिवाज नव्हे. चार्ज होतांना, विशेषतः प्रमाणाबाहेर, बॅटरींतून हायड्रोजन वायु निघूं शकतो, आणि तो ठिणगीनें पेटतो. वीज चालू असतां चिमटा लावला किंवा काढला, तर ठिणगी नेमकी बॅटरीच्या तोंडाशीं पडते. बॅटरी गाडींतून सोडवावयाची असेल, तर उण्या टोंकाची तार आधीं काढावी व बसवितांना ती शेवटीं लावावी. कारण गाडीचा सारा सांगाडा उण्या टोंकास जोडलेला असतो. अधिक टोंकाचा बोल्ट फिरवितांना पाना सांगाड्यास लागला, तर ठिणग्या उडतात व पान्यासहि चटका बसतो. उणी तार आधीं सोडलेली असल्यास हा धोका उरत नाहीं.

वारंवार सीट उघडण्याचा कंटाळा येत असेल, तर दोन टोंकांस रिंगा असलेली जोडतार कायमची बसवून घ्यावी. तिच्या अधिक तारेंत बॅटरीजवळ फ्यूज असलाच पाहिजे, व बाहेरच्या तोंडावर रबरी टोपण असावें. मग रोज नुसता प्लग जुळविला कीं झालें.

टाळावयाच्या गोष्टी :— पंपाच्या स्टार्टरच्या पेटींतून तार ओढून चार्जर चालवूं नये. त्यास घरगुती २३० व्होल्टची, अर्थिंग असलेली जोडणी द्यावी. सौर पंपाच्या पत्र्यांची तार बॅटरीस कधींहि लावूं नये. तेथील दाब १२ व्होल्टच्या अनेकपट असून तो माणसाच्याहि जिवावर बेततो. कांहीं चार्जरांत जुनी बॅटरी सुधारण्यासाठीं दाबाचे झटके देण्याची सोय असते. ती बॅटरी गाडींतून काढूनच वापरावी, एरव्हीं संगणकास धोका पोंचतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून गाडी सुरू करण्याची वेळच आली, तर ट्रॅक्टरचें इंजिन बंद ठेवावें. फुगलेली, चिरलेली किंवा गळणारी बॅटरी मात्र चार्ज करूंच नये; ती बदलावी. तसेंच भर दुपारीं पत्र्याखालीं चार्ज न करतां, रात्रीं हवेशीर जागीं करावें.

परीक्षा :— एक साधा मल्टिमीटर वस्तीवर असावा. चार्जर काढून बॅटरी कांहीं तास स्वस्थ ठेवल्यावर दाब १२.७ व्होल्ट किंवा अधिक दिसला, तर ती पूर्ण भरली आहे, १२.४ म्हणजे सुमारें पाऊण, आणि १२ म्हणजे जवळजवळ रिती. रात्रीं भरलेली बॅटरी कांहींहि खर्च न होतां दुसऱ्या दिवशीं १२.४ च्या खालीं आली, तर तिचें आयुष्य संपत आलें असें समजावें. बॅटरी चांगली असूनहि वरचेवर उतरत असेल, तर इंजिन मध्यम गतीनें चालवून दाब मोजावा. तो १३.५ ते १४.५ च्या दरम्यान न येतां १३ च्या खालींच राहिला, तर दोष गाडीच्या वीज उत्पन्न करणाऱ्या भागांत आहे. तेथें चार्जर कितीहि वेळ लावला तरी तो व्यर्थ होय.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर महिन्यांतून एकदां रात्रभर चार्जर लावावा, किंवा उणी तार सोडून ठेवावी. यास पैसा थोडा व श्रम त्याहून थोडे लागतात. पेरणीच्या आधीं आपण तिफण तपासतों, सुगीच्या आधीं खळें सारवतों. त्याच नेमानें बॅटरीकडेहि पाहावें. अडलेली गाय किंवा आजारी माणूस वेळ विचारून येत नाहीं. त्या रात्रीं बटण दाबतांच गाडीनें हुंकार द्यावा, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.