व्यायामशास्त्राची पदवी: पीटी शिक्षक आणि जिम ट्रेनर यापलीकडे काय?

'एक्सरसाइज सायन्स शिकायचंय,' असं बारावीनंतर कुणी घरी सांगितलं, तर बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न येतो: म्हणजे जिम ट्रेनर होणार की पीटीचा शिक्षक? या पदवीतून ही दोन्ही कामं आपोआप मिळत नाहीत आणि करिअर त्यापुरतं मर्यादितही नाही. प्रवेशाआधी हा फरक कळला नाही, तर तीन-चार वर्षं आणि बरेच पैसे चुकीच्या अभ्यासक्रमावर खर्च होऊ शकतात.

हे शास्त्र नेमकं काय आहे?

हालचाल केल्यावर शरीरात काय बदलतं आणि का बदलतं, याचा हा अभ्यास आहे. 1953 साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा डबलडेकरचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कमी आढळलं. व्यायामाचा संबंध फक्त पिळदार शरीराशी नाही, आजार टाळण्याशीही आहे, हे आकड्यांतून दाखवणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी हा एक.

वर्गात काय शिकवतात?

शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, हालचालींचं यांत्रिकी गणित म्हणजे बायोमेकॅनिक्स, आहारशास्त्र, क्रीडा मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र. प्रयोगशाळेत ट्रेडमिलवर धावणाऱ्या व्यक्तीला मास्क लावून ती जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, हे मोजतात. यालाच 'व्हीओटू मॅक्स' म्हणतात. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन लॅक्टेटही तपासतात. कोणत्या वेगानंतर ते झपाट्याने वाढतं हे कळलं, की लांब पल्ल्याच्या धावपटूच्या सरावाचा वेग ठरवता येतो. म्हणजे मैदानाची आवड हवीच, पण जीवशास्त्र आणि आकडेमोडीचा कंटाळा असून चालत नाही.

गोंधळ कुठे होतो?

सारख्या वाटणाऱ्या तीन पदव्यांमध्ये.

- बीएस्सी (स्पोर्ट्स अँड एक्सरसाइज सायन्स): खेळाडूंची आणि सर्वसामान्यांची क्षमता मोजणं, वाढवणं.
- बीपीएड: शाळेत शारीरिक शिक्षण शिकवण्यासाठीची पदवी. सहसा पदवीनंतर दोन वर्षांची.
- बीपीटी: फिजिओथेरपी. इंटर्नशिप धरून साडेचार ते पाच वर्षं. महाराष्ट्रात प्रवेश 'नीट'मधून.

दुखापतीवर उपचार करायचे असतील तर तिसरी वाट धरावी लागते. व्यायामशास्त्राच्या पदवीवर फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही.

कुठे शिकता येतं?

चेन्नईचं श्री रामचंद्र आणि कर्नाटकातलं मणिपाल ही या विषयासाठी ओळखली जाणारी विद्यापीठं. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई संस्थेला 1957 पासूनची परंपरा आहे, तर प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था. मणिपूरच्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा 2018 चा. महाराष्ट्रात अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून काम करतंय. पुण्याचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालयही शारीरिक शिक्षणासाठी प्रसिद्ध आहे.

नोकऱ्या कुठे आहेत?

स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोच, कामगिरीचं विश्लेषण करणारे तज्ज्ञ, क्रीडा प्रबोधिनी आणि अकादमींतले क्रीडाशास्त्रज्ञ, संशोधन, अध्यापन ही थेट क्षेत्रं. मात्र चकाकणाऱ्या जागा मोजक्याच असतात. आयपीएलमध्ये संघ 10 आहेत आणि प्रत्येक संघाला असे तज्ज्ञ थोडेच लागतात. अनेक कामं कराराची आणि हंगामी असतात. म्हणून पुष्कळजण पुढे एमएस्सी करतात किंवा 'सीएससीएस'सारखं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवतात.

खरी मोठी गरज मैदानाबाहेर आहे. आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. डॉक्टर 'रोज चाला' म्हणतात, पण किती, कोणत्या वेगाने, गुडघे दुखत असतील तर काय, हे समजावून सांगणारं माणूस क्वचितच भेटतं. ऑस्ट्रेलियात हे काम करणाऱ्या 'एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट'ला आरोग्यव्यवस्थेत अधिकृत जागा आहे. डॉक्टरांनी पाठवलेल्या जुनाट आजाराच्या रुग्णाला त्याच्या फीसाठी सरकारी मदतही मिळते. भारतात ही ओळख अजून रुळलेली नाही. त्यामुळे गरज असली तरी ठरलेलं पद आणि पगार दरवेळी मिळेलच असं नाही.

प्रवेशाआधी काय तपासावं?

विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे का? प्रयोगशाळेतली यंत्रं विद्यार्थ्यांना हाताळायला मिळतात की फक्त माहितीपत्रकात दिसतात? इंटर्नशिप कुठे आणि किती महिन्यांची? आणि गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडलेले विद्यार्थी सध्या काय करतायत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर संस्थेपेक्षा त्या विद्यार्थ्यांनाच विचारलेलं बरं.