कूस बदलण्याची वेळ

वसुबारसेला पूजा होते ती सवत्स धेनूची, वासरासह गायीची. पुण्याजवळच्या ज्या गोशाळेत मी जाते, तिथे यंदा अशी जोडी एकच होती, फाटकाजवळ बांधलेली. शिंगांना गेरू, गळ्यात झेंडूची माळ. बायकांनी खुरांवर पाणी घालून घालून खालच्या मातीचा चिखल झालेला. मागच्या गोठ्यात बाकीच्या होत्या: भाकड, लंगड्या, आंधळ्या, रस्त्यावर गाडीने उडवलेल्या. गोसेवेचं काम जवळजवळ सगळं त्या मागच्या गोठ्यात चालतं, आणि तिकडे दिवसभरात फार कुणी फिरकलं नाही.

तिथे सकाळी गोठा सांभाळणारे काका आधी शेण बघतात आणि मगच उचलतात. पो नीट पडलेला असला की गाय ठीक. घट्ट गोळे दिसले तर पाणी कमी पडलंय, पातळ आणि आंबूस वासाचं असेल तर दाणा जास्त झालाय. शेणच नाही आणि रवंथही थांबलाय, तर पोटात काहीतरी अडकलंय. रस्त्यावरून आलेल्या गायीच्या बाबतीत पहिला संशय प्लॅस्टिकचा. गाय ओठांनी निवडून खात नाही. जिभेने घास ओढते आणि अर्धवट चावून गिळते. नीट चावणं नंतर, निवांत बसल्यावर. शिळं अन्न पिशवीला गाठ मारून उकिरड्यावर टाकलं की ते पिशवीसकट पोटात जातं. अन्न पचतं, पिशवी राहते. वर्षानुवर्षांच्या पिशव्या एकमेकींत गुंतून दोरखंडासारख्या पिळल्या जातात, आणि डाव्या कुशीला चीर देऊन त्या काढाव्या लागतात. एका गायीच्या पोटातून तीस-चाळीस किलो निघाल्याची उदाहरणं आहेत. कचऱ्यातली तार गेली असेल तर ती पोटाच्या पुढच्या कप्प्यातून थेट हृदयापर्यंत टोचत जाऊ शकते. गायीला हात जोडणारी आणि पिशवीला गाठ मारणारी माणसं पुष्कळदा एकाच घरातली असतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सर्वांत जड काम उठता न येणाऱ्या गायीचं. सध्या तिथे अशी एक आहे: खिल्लार जातीची, पांढरीशुभ्र, शिंगं मागे वळलेली, कंबरेला मार लागून आलेली. एवढ्या मोठ्या जनावराचं वजन तासन्तास एकाच मांडीवर राहिलं की खालच्या स्नायूंना रक्त मिळत नाही, नसा दबतात, आणि मूळ दुखणं बरं झालं तरी पाय कामातून जातो. म्हणून दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. एकजण डोक्याशी बसून मान धरतो. दुसरा कासेखालून हात घालून खाली दबलेला मागचा पाय दुसऱ्या बाजूला काढून घेतो. बाकीचे पुठ्ठ्याला खांदा लावून लोटतात. शेपटी ओढायची नाही, हा काकांचा सक्त नियम. वळली की दोन्ही बाजूंना भुसा भरलेली पोती लावायची, कारण गाय पूर्ण आडवी पडून राहिली तर तिला ढेकर देता येत नाही. पोटात वायू साठतो, पोट फुगून फुप्फुसांवर दाब येतो आणि ती गुदमरते. दिवसातून दोनदा छातीखाली आणि पोटाखाली रुंद पट्टे घालून चेन-पुलीने तिला उचलतात, काही मिनिटंच. खूर जमिनीला टेकले की काका खाली वाकून बघतात, ती भार घेतेय की नुसती लोंबकळतेय.

जखमांचं खातं तिथे काम करणाऱ्या मावशींकडे. आसड्या पडलेली जखम त्या आधी नुसती हुंगतात, मग टर्पेंटाइनचा बोळा घालतात आणि वर आलेली एकेक अळी चिमट्याने काढतात. त्यांच्या आईकडे सीताफळाचा पाला वाटून घालायचे. "झालं गं बाई, एवढीच राहिली," असं त्या बोलत राहतात, आणि एवढीच कधीच राहिलेली नसते.

दुपारपासून नैवेद्य येऊ लागले. आपल्याकडे या दिवशी बायका गहू-मूग आणि दूधदुभतं वर्ज्य करून बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात. गायीला मात्र पुरणपोळी, भात, गूळ, टोपल्याच्या टोपल्या. एवढं पिष्ट एकदम पोटात गेलं की तिथे आम्ल वाढतं, रवंथ बंद पडतो, गाय दगावूही शकते. म्हणून फाटकावरच टोपल्या उतरवून घेतात, चिमूटभर घास कपाळाला लावून तोंडात देऊ देतात आणि प्रत्येकाच्या हातात हिरव्या मक्याची पेंडी ठेवतात. काहींना राग येतो. मावशी समजावतात, "तिला सोसेल तेवढंच द्या, ताई."

ही जनावरं गोशाळेत येतात ती का? २०१५मध्ये महाराष्ट्रात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली. गायीवर ती १९७६च्या कायद्यापासून होतीच. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचं काम गेलं, भाकड जनावराला गिऱ्हाईक नाही, वैरण महाग. शेतकरी गोशाळेत दावं हातात देताना तोंड फिरवून घेतो. त्याला निर्दय म्हणणं मला जमत नाही. २०२४मध्ये देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' म्हणून घोषित केलं गेलं, आणि गोशाळांतल्या दर देशी गायीमागे रोज पन्नास रुपये अनुदान ठरलं. त्यात चारा, औषध आणि माणसाची मजुरी बसवायची असते. पैशापेक्षाही माणूस मिळत नाही, असं काका म्हणतात. जमनालाल बजाजांसारख्या धनिकाने आयुष्याचे अखेरचे महिने, १९४१-४२मध्ये, वर्ध्याला गोसेवेलाच दिले होते. मला त्यांच्या देणग्यांपेक्षा ते दिलेले दिवस मोठे वाटतात.

दोन वाजले. खिल्लारीची कूस बदलायची होती आणि एक माणूस फाटकावर पेंड्या वाटण्यात अडकला होता. "डोक्याशी बसा," काका म्हणाले, "शिंग सांभाळा, आणि मी सांगेन तेव्हा मान तुमच्याकडे घ्या." मी पदर खोचला आणि बसले.